स्टिकरखालचा रंग

जुनी गाडी विकत घेतली की नवा मालक पहिल्या आठवड्यात जी कामं काढतो, त्यांत एक ठरलेलं असतं. डिकीवर, टाकीवर, मागच्या काचेवर आधीच्या मालकाचं जे काही चिकटवलेलं आहे ते उतरवायचं. त्याच्या मुलांची नावं, त्याच्या कुलदैवताचं चित्र, गावाचं नाव, ज्या शोरूममधून गाडी घेतली तिचा पत्ता, सोसायटीच्या पार्किंगचा नंबर. ही दुसऱ्याची ओळख आहे आणि ती अंगावर असेपर्यंत गाडी आपली वाटत नाही. मग अंगठ्याच्या नखाने एक कोपरा उचकटला जातो, चिमटीत धरून ओढला जातो, आणि पुढे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट होते. वरचा प्लास्टिकचा थर फाटून हातात येतो आणि खाली चिकट, मळकट गोंद राहतो. किंवा स्टिकर पूर्ण निघतो, पण त्याचा आकार रंगावर तसाच दिसत राहतो. किंवा स्टिकरबरोबर रंगाचा पोपडा येतो आणि खालची लांबी (खड्डे भरायची पुट्टी) किंवा उघडा पत्रा दिसू लागतो.

पहिल्या दोन गोष्टींवर इलाज आहे. तिसरीवर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाण्याशिवाय उपाय नाही, आणि ती टाळता यावी यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे. स्टिकर कशाने काढायचा, असा प्रश्न लोक विचारतात. रॉकेल लावू का, थिनर चालेल का, हेअर ड्रायर मारू का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न हा, की स्टिकर बसलाय कशावर? एकच स्टिकर, एकच गोंद, एकच हात; पण खालचा रंग कारखान्यातला असेल तर काम निर्धास्तपणे होतं आणि गल्लीतल्या गॅरेजमध्ये मारलेला असेल तर त्याच कृतीने दाराची अर्धी बाजू उघडी पडू शकते. रंगकामाच्या धंद्यात राहून माझी खात्री झाली आहे की, स्टिकर काढताना झालेलं बहुतेक नुकसान हे रंगाचा इतिहास न विचारल्याचं नुकसान असतं.

हा प्रश्न गाडीच्या रंगाइतकाच जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची आवड वाढली. वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या, आणि मध्ये स्वच्छ, धारदार रेघ. ती रेघ मिळवायला एका रंगावर कागद चिकटवून तो झाकायचा आणि मग दुसरा रंग फवारायचा, हे ओघाने आलं. अडचण कागद काढताना व्हायची. गोंद रंगाला असा धरून बसायचा की कागदाबरोबर नुकताच मारलेला रंग सोलून यायचा आणि रंगाऱ्याची दिवसभराची मेहनत वाया जायची. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात तेव्हा थ्रीएम ही कंपनी मुख्यतः पॉलिशपेपर बनवत असे. तिच्या प्रयोगशाळेतला रिचर्ड ड्रू हा तरुण मदतनीस पाण्यात चालणाऱ्या पॉलिशपेपरचे नमुने घेऊन तिथल्या एका रंगशाळेत गेला होता. तिथे एका संतापलेल्या रंगाऱ्याची ही फजिती त्याने पाहिली आणि धरून ठेवणारी पण सोडताना रंगाला न दुखवणारी पट्टी करून देतो, असा शब्द दिला. सुतारकामाचा सरस, त्यात ग्लिसरीन, आणि पाठीला सुरकुत्यांचा क्रेप कागद, असा त्याचा मेळ १९२५मध्ये बसला. आज प्रत्येक रंगाऱ्याच्या मनगटात अडकवलेली मास्किंग टेप ती हीच. पाचच वर्षांनी, १९३०मध्ये, याच माणसाने पारदर्शक चिकटपट्टीही केली. ज्या शोधातून चिकटपट्ट्यांचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, तो शोध मुळात गाडीच्या रंगावरची चिकट वस्तू रंगाला धक्का न लावता कशी काढायची, याच प्रश्नाचं उत्तर होता. ज्यांना हे काम किरकोळ वाटतं त्यांच्यासाठी ही गोष्ट मी इथे सांगितली.

आता रंगाकडे येऊ. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एक थर नसतो. पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा विजेचा भार असलेल्या प्रायमरच्या टाकीत बुडवला जातो, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात, पोकळ्यांच्या आतही प्रायमर बसतो. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो पातळ बेस कोट, आणि सगळ्यांत वर रंगहीन, चकचकीत क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण ९० ते १५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा सातवा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याची, ऊन अडवणारी द्रव्यं त्यात, आणि आपलं नख, ब्लेड, कंपाउंड हे सगळं आधी त्याच्याच वाट्याला येतं. एवढ्या पातळ थरावर आपल्याला काम करायचं असतं.

पण हा पातळ थर चिवट असतो, कारण तो भाजलेला असतो. खालचा प्रायमर १६० अंशांच्या वर भाजतात, क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास. त्या उष्णतेत रंगातले रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं आणि खालच्या थराला घट्ट धरतं. म्हणून कारखान्याच्या रंगावर स्टिकरचा गोंद कितीही जुना झाला तरी पकड आधी गोंदाची सुटते, रंगाची नाही.

गॅरेजमध्ये पुन्हा मारलेल्या रंगाची गोष्ट वेगळी. तिथे गाडी १४० अंशांवर भाजता येत नाही. वायरिंग, रबर, सीट, डॅशबोर्ड सगळं जागेवर असतं. चांगल्या बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास ठेवतात आणि दोन घटकांचा रंग असेल तर हार्डनरमुळे तोही उत्तम जाळं धरतो. असं काम मी कारखान्याच्या बरोबरीने टिकलेलं पाहिलं आहे. मात्र आपल्याकडे सगळीच गॅरेजं बूथची नसतात. ताडपत्रीच्या आडोशाला, रस्त्यावरची धूळ उडत असताना, जुन्या रंगावर नीट पॉलिशपेपर न फिरवता, संध्याकाळी डिलिव्हरी द्यायची म्हणून मारलेला रंग दिसायला तसाच चमकतो. त्याची खालच्या थरावरची पकड किती आहे, हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि एक दिवस स्टिकर ओढताना ते कळतं. त्यातही कोपऱ्यावर पोचा आला होता, लांबी भरली होती, आणि ती पूर्ण वाळण्याआधीच वर रंग चढवला, असं असेल तर स्टिकरसोबत लांबीचाही तुकडा येतो.

म्हणून पहिली तपासणी रंगाची. जुन्या गाड्यांचे व्यापारी रंगाची जाडी मोजणारं मीटर जवळ ठेवतात. पत्र्यावर ते १२० दाखवत असेल आणि शेजारच्या दारावर २५० दाखवत असेल, तर ते दार दुसऱ्यांदा रंगलेलं आहे असं समजावं. आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी आहे. मीटर नसेल तर मऊ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. लांबी जाड असलेल्या जागी त्याची ओढ एकदम कमी होते. दाराच्या रबरावर, काचेच्या बीडिंगवर रंगाचे बारीक तुषार आहेत का पाहा. बिजागरीच्या स्क्रूंवरचा रंग तुटलाय का पाहा. शेवटी, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या खालच्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, थिनरमध्ये ओला केलेला कापसाचा बोळा हलकेच एक-दोनदा फिरवा. बोळ्याला रंग लागला तर तो रंग जाळं न धरलेला आहे. त्यावर थिनर चालणार नाही आणि उष्णताही बेताचीच चालेल. ही चाचणी स्टिकर असलेल्याच भागाच्या कडेला केली तर उत्तम, कारण एकाच गाडीची डावी बाजू कारखान्याची आणि उजवी गॅरेजची असणं नेहमीचं आहे.

ट्रक आणि टेम्पो हा तर स्वतंत्र विषय आहे. केबिन कंपनीची, हौदा स्थानिक बॉडीबिल्डरचा, आणि हौद्यावर हवेत वाळणारा इनॅमल रंग. या रंगाला पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात. पण गाडी रंगून आली की मालकाला त्याच दिवशी नाव, देवाचं चित्र, फोन नंबर सगळं रेडियममध्ये हवं असतं. ओलसर रंगातून द्रव्याची वाफ बाहेर यायला पाहते, वर रेडियमचा थर असतो, खाली फुगे धरतात आणि गोंद रंगातच रुततो. चार वर्षांनी टेम्पो विकायला काढला की ते नाव रंगासकट निघतं. हे नुकसान काढणाऱ्याने केलेलं नसतं, लावणाऱ्याने केलेलं असतं. पण दोष काढणाऱ्याच्या माथी येतो. रेडियमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. नव्या रंगावर स्टिकर लावण्याआधी काही आठवडे जाऊ द्यावेत आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावं.

आता स्टिकर. बाजारात ज्याला सरसकट रेडियम म्हणतात, त्यात प्रकाश परतवणारी फिल्म असते तशी साधी रंगीत व्हिनाइलही असते. व्हिनाइल दोन पद्धतींनी बनतं. एका पद्धतीत पातळ द्रव कागदावर पसरून भाजतात. त्याची फिल्म ५० मायक्रॉनच्या आसपास असते, तिच्यात ताण राहिलेला नसतो, ती गोलाईवर नीट बसते आणि वर्षांनंतरही बऱ्यापैकी सलग निघते. दुसऱ्या पद्धतीत लगदा गरम रुळांमधून दाबून लाटतात. ही फिल्म जाड, स्वस्त, आणि लाटताना पडलेला ताण तिच्यात कायम असल्यामुळे ती वर्षानुवर्षं आकसत राहते. जुन्या स्टिकरच्या कडेने गोंदाची काळी, धूळ धरलेली रेघ दिसते ती यामुळेच; फिल्म मागे सरकली, गोंद जागेवर राहिला. प्रकाश परतवणाऱ्या फिल्मची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यात थरांवर थर असतात आणि जुनी झाली की ती एकसंध न येता खपल्याखपल्यांनी सुटते. या कामात सर्वांत जास्त धीर तिलाच लागतो.

व्हिनाइल मुळात कडक असतं; मऊपणा यावा म्हणून त्यात मऊ करणारी द्रव्यं मिसळतात. उन्हात ही द्रव्यं हळूहळू फिल्ममधून निघून जातात. काही हवेत जातात, काही खालच्या गोंदात उतरतात. म्हणजे वर फिल्म ठिसूळ होते आणि खाली गोंद लिबलिबीत होतो. चार-पाच उन्हाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा स्टिकर तुकड्यातुकड्यांनी का निघतो आणि मागे एवढा चिकटा का सोडतो, त्याचं कारण हेच. छपराखाली ठेवलेल्या गाडीचा तेवढ्याच वयाचा स्टिकर एका ओढीत येऊ शकतो. बॉनेट आणि टपावरचं व्हिनाइल दारावरच्या व्हिनाइलपेक्षा लवकर मरतं, कारण ऊन त्यांच्यावर उभं पडतं.

गोंदाचा स्वभाव समजला की अर्धं काम झालं असं मी मानतो. हा गोंद वाळून घट्ट होणाऱ्या सरसासारखा नसतो. तो कायम अर्धवट द्रव, अर्धवट घन असतो. दाबला की तो रंगाच्या बारीक खाचांत शिरतो, आणि दिवस जातील तसा आणखी शिरत राहतो. त्याला एकदम झटका दिला तर तो घन असल्यासारखा वागतो, म्हणजे पूर्ण ताकदीने धरतो. सावकाश ओढला तर तो द्रवासारखा ताणतो आणि सोडतो. गार असेल तर कडक, गरम असेल तर मऊ. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. गोंद जितका गरम तितका तो सहज सोडतो हे खरं, पण एका हद्दीनंतर तो इतका पातळ होतो की मधोमध फाटतो. अर्धा फिल्मबरोबर येतो, अर्धा रंगावर राहतो. म्हणून कोमट आणि कढत यांच्या मधली एक जागा शोधायची असते. पत्रा ५० ते ६० अंशांना असावा. हाताचा पालथा पंजा दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे, त्याहून जास्त वेळ टेकवावासा वाटू नये. दुसऱ्यांदा रंगवलेल्या भागावर यापेक्षाही कमी.

हेअर ड्रायर हे काम नीट करतो, कारण तो फार गरम होऊच शकत नाही. हीटगनच्या तोंडाशी ५००-६०० अंशांची हवा असते. ती एका जागी काही सेकंद जरी थांबली तरी क्लिअर कोटवर फुगा येतो, प्लास्टिकचा बंपर वाकतो. हीटगन वापरायचीच तर हातभर लांबून आणि सतत फिरती. लायटर किंवा मेणबत्ती धरून स्टिकर शेकणारे कारागीर मी पाहिले आहेत. ते कोणीही करू नये. व्हिनाइल जळताना जो धूर सुटतो त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, ती छातीला आणि डोळ्यांना घातक आहे. आणि ज्या प्रदेशात आपण राहतो तिथे वर्षातले तीन-चार महिने उष्णता फुकट मिळते. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांपर्यंत सहज जातो. तिथे गाडी सावलीत आणून थोडी निवू द्यावी लागते, मग काम सुरू करायचं. कोकणात पावसाळ्यात मात्र ड्रायरला पर्याय नाही, किंवा मग गरम पाण्यात पिळलेलं जाड फडकं काही मिनिटं स्टिकरवर दाबून धरावं. प्लास्टिकच्या भागांसाठी मला हे फडकंच सर्वांत सुरक्षित वाटतं.

ओढण्याची दिशा हा या कामाचा गाभा आहे आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. स्टिकर आपल्याकडे, पत्र्यापासून सरळ बाहेर ओढला तर सगळा जोर रंगाला पत्र्यापासून उचकटण्यात जातो. तोच स्टिकर स्वतःवर दुमडून, पत्र्याला जवळजवळ लागून मागे ओढला तर जोर रंगाच्या पृष्ठभागाला समांतर जातो आणि गोंदाची धार एका रेषेत सुटत जाते. चिकटपट्टीचं गणित सांगतं की, पातळ फिल्मला असं पूर्ण दुमडून ओढायला लागणारा जोर काटकोनात ओढण्याच्या जोराच्या निम्मा असतो. प्रत्यक्षात जाड फिल्म वाकवायलाही थोडा जोर जातो, पण रंगाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. आणि वेग? घड्याळाकडे पाहू नये. गोंद सुटताना बारीक तंतू दिसतात, ते आपोआप तुटू द्यायचे. तंतू लांबायला लागले तर पत्रा फार तापलाय, थांबावं. फिल्म तडकायला लागली तर पत्रा निवलाय, पुन्हा शेकावं. कोपरा उचलायला जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकचं पातं वापरावं. रंगावर लोखंडी ब्लेड कधीही नाही.

कंपनीचं नाव, मॉडेलची अक्षरं अशी जाड फोमच्या दुहेरी पट्टीवर बसवलेली असतात. तिथे तंगूस कामी येतो. मासे पकडायचा तोच नायलॉनचा दोरा अक्षरामागे घालून, दोन्ही टोकं धरून, करवतीसारखा मागेपुढे सरकवत न्यायचा. फोम मधोमध कापला जातो, अक्षर न वाकता हातात येतं आणि उरलेला फोम नंतर बोटाने गोळा करता येतो. मात्र आधी गाडी धुतलेली हवी, नाहीतर दोऱ्याबरोबर वाळूचे कण रंगावर घासले जातात.

उरलेला गोंद काढणं हा रसायनांचा प्रांत आहे. स्वस्त कागदी लेबलं आणि काही जुन्या चिकटपट्ट्यांचा गोंद रबराचा असतो. तो रॉकेल, टर्पेंटाइन, डब्ल्यूडी-४०सारखा फवारा, इतकंच काय तर खोबरेल तेलानेही सुटतो, फक्त वेळ द्यावा लागतो. चांगल्या व्हिनाइलचा गोंद अॅक्रिलिकचा. तो तेलाने फुगतो पण पूर्ण विरघळत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा गोंद काढण्यासाठी विकत मिळणारं खास द्रावण लागतं. कोणतंही द्रावण ओतायचं नाही. कापड भिजवून त्या जागेवर पसरायचं, पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे गोंद फुगून रंगापासून सुटतो आणि मग बोटाने लाटत गोळा करता येतो. घासण्याने नाही, भिजण्याने गोंद निघतो. तेलकट द्रावण वापरलं असेल तर शेवटी साबणाच्या पाण्याने ती जागा धुवायची, आणि मेण लावायचं, कारण आधीचं मेण या सगळ्यात निघून गेलेलं असतं.

थिनरबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. कारखान्याच्या भाजलेल्या रंगावर थिनरचा बोळा एकदा पटकन फिरवला तर सहसा काही होत नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. एका गाडीवर चालला म्हणून पुढच्या गाडीवर वापरला जातो आणि त्या गाडीचं मडगार्ड गॅरेजात रंगलेलं असतं. स्कूटर-मोटरसायकलची साइड पॅनेल बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात; अॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये, हे प्लास्टिक विरघळतं. हेडलाइटची काच आता काच नसून पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावर थिनर लागला तर बारीक तडे पडतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. पेट्रोलने गोंद निघतो, पण उघड्या वाटीत पेट्रोल आणि शेजारी चालू हीटगन, असं दृश्य कोणत्याही दुकानात दिसता कामा नये. गोंदासाठी ड्रिलला लावायचं रबरी चाकही मिळतं. जाणत्या हातात ते फार छान काम करतं. पण ते ड्रिलच्या वेगाचं आहे. मिनिटाला ११ हजार फेरे घेणाऱ्या ग्राइंडरला ते लावलं की रंग जळतो.

काचेबद्दल थोडक्यात. काच रंगासारखी नाजूक नसते, तिच्यावर साबणाच्या पाण्यासह धारदार ब्लेड चालतं. अपवाद मागच्या काचेचा. तिच्या आतल्या बाजूला धुकं घालवणाऱ्या तापत्या रेषा छापलेल्या असतात. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा देशभर फिल्म घाईघाईने ओरबाडल्या गेल्या. आतून लावलेल्या फिल्मचा गोंद त्या रेषांवरच बसलेला असतो, आणि त्यावर ब्लेड फिरवलं की रेष तुटते. तिथे वाफ किंवा गरम ओलं फडकंच हवं. पुढच्या काचेवरचा फास्टॅग काढायला गेलं की फाटतो, कारण तो दुसऱ्या गाडीवर लावता येऊ नये अशीच त्याची रचना आहे. काढण्याआधी त्याचं खातं बंद किंवा बदली करून घ्यावं.

चिकटवलेली आणखी एक वस्तू आपल्याकडे फार नुकसान करते आणि ती स्टिकर समजली जात नाही, ती म्हणजे लग्नाच्या गाडीवरची सेलोटेप. झेंडूच्या माळा, रिबिनी, नवरा-नवरीच्या नावाचा थर्मोकोल, सगळं तिने बॉनेटवर बसवलेलं असतं. वरात संपते, फुलं काढली जातात, टेपचे तुकडे राहून जातात. मे महिन्याच्या उन्हात काही दिवसांत वरचं प्लास्टिक सुटतं आणि पिवळट गोंद रंगावर भाजून बसतो. त्याला तेलाचा भिजलेला बोळा आणि अर्धा तास, एवढंच औषध. सजावट करणाऱ्यांनी मास्किंग टेप वापरली आणि त्याच रात्री काढली तर तेवढंही लागणार नाही.

सगळं निघालं, पत्रा स्वच्छ झाला, आणि तरी तिरक्या उजेडात जुन्या मालकाचं नाव वाचता येतं. याला रंगारी सावली म्हणतात. आजूबाजूचा रंग उन्हाने उडाला, स्टिकरखालचा तसाच राहिला. लाल रंगात ती सर्वांत ठळक, पांढऱ्यात जवळजवळ नसतेच. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या एकथरी रंगावर कंपाउंडने वरचा मेलेला थर काढला की सावली बरीच जाते. क्लिअर कोट असेल तर पॉलिशने कडेची उंची, मळ आणि क्लिअरवरची धूसरता जाते, पण खालचा रंगच उडाला असेल तर तो पॉलिशने परत येत नाही. तिथे कंपाउंड घासत राहणं म्हणजे ३५-४० मायक्रॉनच्या थरातून आणखी काही मायक्रॉन कमी करणं. मी गिऱ्हाइकाला तिथे थांबायला सांगतो. मोकळी झालेली जागाही पुढच्या उन्हाळ्यांत थोडी उतरते आणि फरक कमी होतो, पण तो पूर्ण जाईल असं वचन कोणी देऊ नये.

अनेक मोटरसायकलींच्या टाकीवरचे पट्टे आणि नावं स्टिकरच असतात, पण त्यांच्यावरून क्लिअर कोट मारलेला असतो. कडेवरून नख फिरवलं तर उंचवटा लागतो, पण नख कडेखाली शिरत नाही. असा पट्टा काढताच येत नाही. तो काढणं म्हणजे टाकी पुन्हा रंगवणं. सुरुवातीलाच हे पाहिलं नाही तर तासभर ड्रायर मारून शेवटी टाकीवर खड्डा पाडून ठेवला जातो.

पुढच्या प्रकरणांत या सगळ्याच्या कृती आल्या आहेत: पत्रा, प्लास्टिक, काच आणि इनॅमलचा हौदा असे वेगवेगळे. पहिलं प्रकरण रंग ओळखण्याचं आहे आणि ते वाचल्याशिवाय बाकीची उघडू नयेत. हे काम दहा मिनिटांचं आहे अशी समजूत गिऱ्हाइकाचीही असते आणि पुष्कळदा दुकानदाराचीही, आणि त्या समजुतीतून ठरलेल्या मजुरीत कारागिराला घाई करावीच लागते. हाताच्या पंजाएवढा नवा स्टिकर दहा मिनिटांत निघेलही. दाराच्या लांबीचा, सहा-सात उन्हाळे पाहिलेला पट्टा नीट काढायला अर्धा दिवस लागतो. तेवढ्या वेळाची मजुरी आधी बोलून घ्यावी, रंगाची तपासणी मालकासमोर करावी, आणि काम चालू असताना खालचा रंग दुसऱ्यांदा मारलेला निघाला तर हात तिथेच थांबवून मालकाला फोन करावा.